स्टेपनीचं प्रस्थान

बंदराच्या गेटावर नवा जादा आकार लागणार असं पत्र आलं, त्या दिवशी आमच्या ऑफिसात पेढे वाटले गेले. पाव किलो पेढे होते, नग बारा. ऑफिसात माणसं सात. प्रत्येकाला एक दिल्यावर उरलेले पाच घेऊन वाटणारे गृहस्थ समोरच्या चहाच्या टपरीवर गेले, कारण आमचे ड्रायव्हर तिथं बसत. पैसे जादा भरावे लागणार म्हणून पेढे वाटणारा माणूस मी आयुष्यात हा एकच पाहिला.

त्यांना आम्ही कंट्रोलर म्हणायचो. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. बसस्थानकावर काचेच्या खोलीत बसून गाड्या लावायच्या आणि सोडायच्या, एवढंच त्यांनी जन्मभर केलं होतं. आमच्या मालकांनी त्यांना ट्रेलर सोडायला ठेवून घेतलं. अंगानं किडकिडीत, शर्टाची गळ्याची गुंडी लावलेली, आणि घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. वेळ बघताना ते हात असा उताणा करत, की समोरच्याला वाटावं आता काहीतरी मागणार.

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमचं ट्रान्स्पोर्टचं ऑफिस. सहा ट्रेलर. जवळच्या एका फाउंड्रीत यंत्रांचे लोखंडी भाग ओततात. ते कंटेनरमध्ये भरून बंदरावर पोचवायचे, तिथून ते जहाजानं परदेशी जातात. मी तिथं क्लार्क. गाडी किती वाजता सुटली, बंदराबाहेरच्या रांगेत किती वाजता लागली, गेटातून आत किती वाजता गेली, हे मी एका वहीत लिहायचो. हे काम मला कुणी सांगितलं नव्हतं. मी घरीसुद्धा गॅसचा सिलिंडर किती दिवस पुरला ते लिहून ठेवतो. बायको हसते, पण आमच्याकडं स्वयंपाक कधी अडलेला नाही.

वहीतली गोष्ट साधी होती. कोल्हापूर ते बंदर अकरा-बारा तास. आणि बंदराबाहेरचे शेवटचे दोन किलोमीटर कधी चौदा तास, कधी वीस. एकदा एकतीस. रांगेत ड्रायव्हरला झोपता येत नाही. दर पाच-दहा मिनिटांनी पुढची गाडी थोडी सरकते. आपण सरकलो नाही तर मागचे शिव्या देतात आणि बाजूचा आत घुसतो.

याचं कारण शोधायला मोठी हुशारी लागत नव्हती. कारखान्यांत दिवसभर माल भरला जायचा, कागद संध्याकाळी व्हायचे, ड्रायव्हर घरी जेवून झोपायचे आणि पहाटे गाडीला उदबत्ती लावून सुटायचे. पहाटे सुटलेली गाडी संध्याकाळी पोचते. सगळीकडच्या गाड्या तशाच पोचायच्या. सकाळी सहा ते अकरा या वेळेत मात्र गेटावर फारसं कुणी नसायचं. पत्रात म्हटलं होतं ते एवढंच, की दुपारी तीन ते रात्री दहा आत येणाऱ्या गाडीला जादा आकार पडेल, सकाळी पडणार नाही. यायची वेळ मोबाईलवर आधी बुक करायची. आणि जमा होणाऱ्या पैशातून सकाळची जादा गेटं चालवली जातील.

मालक तापले होते. पेढा त्यांनी तोंडात टाकला, मग कशाचा ते कळल्यावर जास्तच तापले.

"लायनीत बी उभारायचं आणि वर पैसं बी मोजायचं? आणि तुम्ही पेढं वाटतासा?"

"मालक, लायनीत उभारायचं पैसं तुम्ही आजपातूर देतच हुता की," कंट्रोलर म्हणाले. "फकस्त पावती मिळत न्हवती."

"कुणाला देत हुतो?"

"कुणालाच न्हाई. हेच तर वाईट. क्लार्कसाहेब, वही काढा."

मी वही काढली. रांगेत एक दिवस गेला की गाडीची महिन्यातली एक फेरी जाते, ड्रायव्हरचा भत्ता वाढतो, सरकत्या रांगेत डिझेल जळतं ते वेगळंच. कागदावर बेरीज मांडली तर ती जादा आकाराच्या कितीतरी पट निघाली. मालकांनी ती दोनदा तपासली, आणि मग दुसरा पेढा मागितला. तोवर पेढे टपरीवर गेले होते.

गर्दी या विषयावर कंट्रोलरांचं स्वतःचं शास्त्र होतं आणि ते त्याप्रमाणे जगायचे. केस कापायला मंगळवारी दुपारी अडीचला. अंबाबाईच्या दर्शनाला भर दुपारी, "देवीला बी जरा निवांत बोलता येतंय." छत्री माघात घ्यायची. दळण सणाच्या आधी पंधरा दिवस. त्यांच्या घरचा दिवाळीचा फराळ दसऱ्यालाच व्हायचा, कारण तेव्हा गिरणी मोकळी असते. मी एकदा त्यांच्या घरी लक्ष्मीपूजनाला गेलो होतो, तर काकूंनी चहाबरोबर बिस्किटं पुढं केली. म्हणाल्या, "भावजी, रागावू नका. आमच्यात दिवाळी दसऱ्यालाच संपती. डब्यात आता चिवड्यातलं डाळं तेवढं उरलंय."

"पण दळायला थांबलो का?" कंट्रोलर आतून ओरडले.

"थांबला न्हाईसा. आता खायला थांबा पुढच्या दसऱ्यापातूर."

शास्त्र कधीकधी अंगाशी यायचं. मालकांच्या पुतणीच्या लग्नात जेवणाची गर्दी टाळायची म्हणून ते मला घेऊन थेट भोजनकक्षात शिरले. वाढपी ताटं मांडतच होते. आम्ही पोटभर जेवलो, हात धुतले, आणि बाहेर आलो तेव्हा मंगलाष्टकं सुरू होत होती. नवरीच्या मामांनी आम्हाला अक्षता द्यायला हात पुढं केला आणि आमच्या हातांचा मसालेभाताचा वास त्यांना आला. "पावणं, कुणाकडचं म्हणायचं तुम्ही?" त्यांनी विचारलं. कंट्रोलर शांतपणे म्हणाले, "पहिल्या पंगतीकडचं."

एसटीतली त्यांची एक गोष्ट मी स्वतः पाहिलेली नाही, पण तिचा कागद पाहिला आहे. चंदगडकडच्या एका आगारात असताना सकाळी दहाच्या गाडीला दोन शाळांची पोरं लोंबकळायची. वरच्यांनी जादा बस मंजूर केली नाही. कंट्रोलर दोन्ही हेडमास्तरांकडं गेले आणि एका शाळेची घंटा अर्धा तास पुढं ढकलून आले. पोरं दोन गाड्यांत वाटली गेली. दुसरी गाडी पूर्वी रिकामी जायची. नियंत्रकानं शाळेच्या वेळात ढवळाढवळ केली म्हणून त्यांना मेमो मिळाला. तो मेमो ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात बाळगायचे आणि बँकेत ओळखपत्र मागितलं की आधी तोच पुढं करायचे.

बंदराच्या नव्या आकारामुळं त्यांना उतारवयात मनासारखं काम मिळालं. त्यांनी फाउंड्रीच्या पॅकिंग खात्यात आठ दिवस ठिय्या मांडला. आदल्या संध्याकाळी पेट्या बांधायच्या, सकाळी कंटेनर भरायचा, एकपर्यंत कागद, आणि दुपारी दोनला गाडी सोडायची. ड्रायव्हरनं पुण्याच्या पुढं एखाद्या मोठ्या पंपावर गाडी लावून रात्री नीट झोपायचं आणि सकाळी सातला गेटावर. ड्रायव्हरांनी कुरकुर केली, कारण घरचं रात्रीचं जेवण गेलं. पण दोन महिन्यांनी माझ्या वहीत रांगेची सरासरी सतरा तासांवरून तीनवर आली होती. मी ती दोनदा काढली. पहिल्यांदा मला वाटलं माझी चूक झाली.

एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. गेटाच्या ॲपवर प्रत्येक दिवसाचा, प्रत्येक वेळेचा दर दिसायचा. जिकडं बुकिंग जास्त तिकडं दर जास्त. महिन्यात एक संध्याकाळ अशी यायची की दर इतर दिवसांच्या दुपटीवर. वार ठरलेला नाही, तारीख ठरलेली नाही. मी तीन महिन्यांच्या त्या तारखा एका कागदावर उतरवून कंट्रोलरांपुढं ठेवल्या. त्यांनी कागद बघितला, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, आणि खुर्चीतून उठून हसायला लागले.

"क्लार्कसाहेब, बंदराच्या कम्प्युटरला पंचांग कळालं!"

तिन्ही तारखा अमावास्येच्या दुसऱ्या दिवसाच्या होत्या. आमच्या भागात अवसेला कुणी गाडी रस्त्यावर काढत नाही. लांबच्या पल्ल्याला तर नाहीच. त्या दिवशी गाड्या धुतात, चाकाखाली नारळ फोडतात आणि आवारात उभ्या ठेवतात. मग प्रतिपदेच्या पहाटे दोन दिवसांच्या गाड्या एकदम सुटतात आणि संध्याकाळी एकदम पोचतात. कॅलेंडर इंग्रजी, जहाज परदेशी, दर ठरवणारं यंत्र कुठलं कोण जाणे. पण दर ठरत होता आमच्या अवसेवर. आणि प्रतिपदेच्या सकाळी, जेव्हा पोचायला आदल्या दिवशी म्हणजे अवसेला निघावं लागतं, तेव्हा गेट जवळजवळ रिकामं.

"अवसेला दोनला गाडी सोडली, तर ती गेटातनं आत जाताना कुणी आडवं बी येणार न्हाई," कंट्रोलर म्हणाले.

मालक म्हणाले, "सोडणार कोण? तुम्ही चालवणार?"

तो विषय तिथंच राहिला. नंतर पावसाळा संपता संपता तो आमच्या मानगुटीवरच बसला.

त्या महिन्यात घाटात दरड आल्यामुळं आमचे दोन कंटेनर जहाजाला चुकले. फाउंड्रीच्या मॅनेजरांनी मालकांना बोलावून सांगितलं, की परदेशी गिऱ्हाईक चिडलं आहे, तिसरा चुकला तर काम दुसऱ्या ट्रान्स्पोर्टला देऊ. आमच्या सहाही गाड्या त्याच कामावर होत्या. काम गेलं तर सहा ड्रायव्हर, मी आणि कंट्रोलर, सगळेच घरी. आणि पुढच्याच शनिवारी निरोप आला, की जहाज दोन दिवस आधी निघतंय; त्यावर जाणारा आमचा माल बुधवारी दुपारी बाराच्या आत गेटातून आत पाहिजे. मालाचा शेवटचा भाग सोमवारी रात्री तयार होणार होता. म्हणजे गाडी मंगळवारीच सुटायला हवी. मंगळवारी अमावास्या.

पाच ड्रायव्हरांना मालकांनी विचारलं. एकाची सासू आजारी पडली. एकाला ताप आला, तोही विचारल्यावर. तिघांनी सरळ हात जोडले. मालकांनी दुप्पट भत्ता सांगितला, तरी हात जोडलेलेच. बाहेरचे ट्रान्स्पोर्टवाले फोनवर हसले.

सहावे गावडे. चंदगड तालुक्यातल्या डोंगरकपारीतल्या गावचे, आमच्यात सगळ्यात जुने, सगळ्यात भरवशाचे. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, कारण त्यांचा धाकटा भाऊ, तोही ड्रायव्हरच, पाच-सहा वर्षांपूर्वी अवसेच्या रात्री उशिरा बंदरावर निघाला होता आणि परतीच्या वाटेवर गाडी दुभाजकावर चढली, त्यात तो गेला. तेव्हा तो दुसऱ्या मालकाकडं होता. हे सगळ्यांना माहीत होतं.

रविवारी गावडे आपण होऊन ऑफिसात आले आणि कंट्रोलरांसमोर बसले.

"सायब, सहा घरांचा प्रश्न हाय. मी गेलो असतो. पण भाऊ गेल्यावर आईनं देवाम्होरं शपथ घातलीया. अवसेला निघायचं न्हाई. म्हातारी जिती हाय तवर मोडत न्हाई मी."

"मोडू नगोस," कंट्रोलर म्हणाले. "अवसेला निघायचंच न्हाई. तू सोमवारी नीघ."

"माल कुठाय सोमवारी?"

"माल नसंना. आईला फोन लाव."

फोन लागायला वेळ लागला. त्यांच्या गावात घरामागच्या फणसाखालीच रेंज येते, तिथवर म्हातारीला कुणीतरी आणलं. फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला.

"मावशी, राम राम. मी तुमच्या पोराच्या ऑफिसातला."

"राम राम. प्वार बरं हाय न्हवं?"

"बरं हाय. मावशी, अवसेला निघायचं न्हाई ही शपथ पक्की. पण परस्थान सोमवारी ठेवलं तर?"

पलीकडं म्हातारीनं आधी ओरडणाऱ्या कोंबड्या हाकलल्या.

प्रस्थान म्हणजे काय हे माझ्या मुलांना मला सांगावं लागलं, म्हणून इथंही सांगतो. निघायचा दिवस वाईट असेल, तर आधीच्या चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू वाटेवरच्या दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. माणूस त्या दिवशीच निघाला असं धरतात. मग तो सवडीनं जातो, वस्तू उचलतो आणि पुढं चालू लागतो. माझ्या वडिलांनी माझ्या लग्नाला निघताना तांदूळ-सुपारीची पुरचुंडी समोरच्या घरी ठेवली होती.

"चालतंय," म्हातारी शेवटी म्हणाली. "माझ्या सासऱ्यानं मुंबईला जाताना ठिवलतं. पण शीव वलांडाय पायजे. नदीपल्याड ठिवा."

"वारणेच्या पुलापलीकडं ठेवतो. काय ठेवू? त्याचा टावेल, टोपी?"

"आता गं बया! टावेल न्हाई म्हणून कोण वाटंत थांबतंय व्हय? ज्याच्याबिगर म्होरं जाता यायचं न्हाई, असं ठिवाय लागतंय. आणि जातीया गाडी. माणसाचं कापड ठिवत्यात, गाडीचं चाक ठिवा."

कंट्रोलरांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी तसं तेज फक्त पेढ्यांच्या दिवशी पाहिलं होतं.

"स्टेपनी!" ते म्हणाले.

मी हरकत घेतली. ती वहीतही लिहिली आहे. आमच्या आवारापासून वारणेच्या पुलापलीकडचं पहिलं गॅरेज सव्वीस किलोमीटर. तेवढं अंतर भरलेला ट्रेलर जादा चाकाशिवाय जाणार, तोही अशा कामाला, की त्यात एक तास वाया गेला तर सहा घरांचं काम जाणार. गेल्या दोन वर्षांत त्या पट्ट्यात आमचे किती टायर फुटले तेही मी सांगितलं. दोन.

"तुमचा आकडा बरोबर हाय," कंट्रोलर म्हणाले. "आणि चाक न ठेवलं तर गाडी जाईल याचा आकडा किती?"

तो शून्य होता. मी वही मिटली.

सोमवारी सकाळी चतुर्दशीला आमच्या टेंपोत ती स्टेपनी घालून गावडे, कंट्रोलर आणि मी पुलापलीकडं गेलो. गॅरेजवाले बाळू मिस्त्री ओळखीचे. गावडेंनी चाकाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि मिस्त्रींना म्हणाले, "ही गाडी आज निघाली बरं का." मिस्त्रींनी चाकाकडं आणि मग रिकाम्या रस्त्याकडं बघून मान हलवली. कोल्हापूरचा माणूस असल्या बाबतीत जास्त विचारत नाही.

मंगळवारी दुपारी दोन वाजून चार मिनिटांनी भरलेला ट्रेलर आवारातून बाहेर पडला. केबिनमध्ये गावडे, कंट्रोलर आणि मध्ये मी. पुलापर्यंत आम्ही सोबत जाणार आणि एसटीनं परतणार असं ठरलं होतं. गावडे गाडी चाळीसच्या वर नेत नव्हते. रस्ता मोकळा होता, इतका मोकळा की कंट्रोलर सारखे म्हणत होते, "बघा, बघा," आणि बघायला काहीच नव्हतं. मी किलोमीटर मोजत होतो. सव्वीस झाले. चाकं शाबूत होती.

गॅरेजचं शटर बंद होतं.

शेजारच्या रसवंतीवाल्यानं गुऱ्हाळ बंद ठेवून बाकड्यावर पाय पसरले होते. तो म्हणाला, "आज अवस न्हवं? मिस्त्री अवसेला हत्याराला हात लावत न्हाई. ह्या लायनीत कुणीच न्हाई लावत."

कंट्रोलर शटरसमोर उभे राहिले. बंदराची अवस त्यांनी ओळखली होती, ड्रायव्हरांची ओळखली होती, म्हातारीची शपथ सांभाळली होती. मिस्त्रीची अवस त्यांच्या हिशेबातून सुटली होती, आणि माझ्याही. गावडे केबिनमधून उतरले नाहीत. चाक मिळालं नाही तर प्रवास पुढं नाही, असं म्हातारीनंच सांगितलं होतं, आणि ते ती अट मोडणार नव्हते. तीनला दहा मिनिटं कमी होती.

मिस्त्रींचं घर गॅरेजच्या मागंच होतं. ते जेवून सोप्यात पडले होते. आम्हाला बघून उठून बसले आणि सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी कानाला हात लावले.

"कंट्रोलर, काय बी सांगा. माझ्या वडलापासनं अवसेला शटर वर गेलं न्हाई."

"अरं, पण चाक आमचंच हाय की!"

"तुमचंच हाय. उद्या सकाळी सातला न्या."

कंट्रोलर खाली बसले. मी त्यांना असं बसलेलं प्रथमच पाहत होतो. त्यांनी मनगट उताणं केलं, बघितलं, पुन्हा पालथं केलं. तेवढ्यात मिस्त्रींच्या घरच्या मालकीणबाई भांडी घासता घासता अंगणातून म्हणाल्या:

"शटर उघडायचं न्हाई म्हणजे मागचं दार बी उघडायचं न्हाई व्हय? मग मी सकाळधरनं सरपण कुठनं आणालीया?"

मिस्त्री त्यांच्याकडं वळले. "हत्याराला हात—"

"चाकाला कशाला हत्यार? ढकला की. देवानं गोल केलंय."

गॅरेजचं मागचं दार अंगणात उघडायचं. आम्ही चौघांनी, म्हणजे कंट्रोलर, मी, धावत आलेले गावडे आणि स्वतः मिस्त्री, ते चाक उभं धरून वाळत घातलेल्या मिरच्यांच्या कडेकडेनं ढकलत बाहेर आणलं. एका वळणावर ते तुळशीच्या कट्ट्याकडं निघालं, तेव्हा मालकीणबाई खरकट्या हातानं मध्ये उभ्या राहिल्या. गावडेंनी चाक जागेवर चढवलं, गाडीतल्या आपल्याच पान्यानं बोल्ट आवळले, आणि मग मी त्यांना त्या दोन दिवसांत पहिल्यांदा हसताना पाहिलं. "आईला सांगायला पायजे," ते म्हणाले, "परस्थान मागच्या दारानं उचललं." तीन वाजून बावीस मिनिटांनी गाडी सुटली.

परतताना कंट्रोलरांनी दोन भरलेल्या एसटी सोडल्या, आणि तिसरी तितकीच भरलेली आली तेव्हा उभ्यानं आले. उतरताना म्हणाले, "बाळू मिस्त्रीचं मी इचारायला पायजे हुतं."

बुधवारी सकाळी सातलाच मालक, कंट्रोलर आणि मी ऑफिसात होतो. आठला पंचवीस कमी असताना फोन वाजला. मालकांनी तो टेबलावर ठेवला.

"आत हाय मी," गावडे म्हणाले.

मालकांनी टेबलावर असा हात मारला की फोन उडाला. मी वेळा विचारल्या. सहा बावन्नला रांगेत, सात सत्तावीसला आत. पस्तीस मिनिटं. मी लिहून घेतलं.

"म्होरं किती गाड्या हुत्या?" कंट्रोलरांनी विचारलं.

"नऊ."

"झोप झाली का?"

मागं क्रेनचा भोंगा वाजत होता.

"झाली," गावडे म्हणाले. "पाच तास झोपलो, पंपावर. सायब, माझ्या भावाला ही झोप मिळाली न्हाई. दोन राती लायनीत हुता. घटका घटकाला गाडी हातभर सरकवायची. माल टाकून माघारी फिरला तवा मला फोन केलता त्यानं. म्हणला, दादा, डोळं उघडं ऱ्हाईनात. मी म्हणलं, ये तसाच हळूहळू, मालक वाट बघतोय. मग आम्ही सगळं अवसेवर घातलं. मी बी घातलं. अवसेवर घातलं की कुणाला कायबी इचारायला लागत न्हाई."

मालक खिडकीकडं वळले. कंट्रोलरांचा हात टेबलावर उताणा पडला होता, घड्याळ वर. पण ते फोनकडं बघत होते.

"गावडे, न्याहारी केलीस?"

"न्हाई अजून. परतीचा माल बाराला भरायचा हाय न्हवं वाटंत? आता निघालो तर—"

"आधी पोटभर खा. मग झोप यील तितकी झोप," कंट्रोलर म्हणाले. "मग नीघ. किती बी वाजू देत."